कचऱ्याच्या ढिगावरील सदतीस एकर
माहीमचे निसर्ग उद्यान, व्यापाऱ्याचा हिशेब आणि चेंबूरकरांचा प्रश्न

मुंबईतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, गाळ्याचा भाव तो झोपेतही सांगेल. पागडी किती, भाडे किती, डिपॉझिट किती, सर्व तोंडपाठ. परंतु या शहरात माणशी मोकळी जागा किती, हा प्रश्न बाजारात कोणी विचारीत नाही. नगररचनेच्या कामातील मंडळी हा आकडा साधारण सव्वा चौरस मीटर सांगतात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ४४ इंच पन्ह्याचे मीटरभराहून थोडे जास्त कापड जमिनीवर अंथरा, तेवढी एका मुंबईकराच्या वाट्याची बाग, मैदान आणि उद्यान. एवढ्या कापडात मोठ्या माणसाचा सदराही बसत नाही.

आता आपल्या चेंबूरचेच पाहा. चिंबोरीवरून चेंबूर नाव पडले असे जुने लोक सांगतात. खाडीकाठचा हा मुलूख एकेकाळी मोकळा होता. आज एका अंगाला माहुलच्या रिफायनऱ्या, मध्ये आर.सी.एफ.चा खत कारखाना, दुसऱ्या अंगाला देवनारची कचराभूमी आणि कत्तलखाना. डायमंड गार्डन आहे, त्याच्याभोवती दुकानदारी चांगली चालते, मेट्रोच्या एका स्थानकालाही त्याचे नाव मिळाले. पण चार फेऱ्या मारल्या की बाग संपते. चेंबूरमध्ये मोठी हिरवळ नाही असेही नाही. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून येथेच आहे. मात्र ती हिरवळ सभासदांची, कुंपणाबाहेरून बघण्याची. गंमत अशी की देवनारची कचराभूमीही त्याच १९२७ सालची. एकाच वर्षी एकाच उपनगराला एक कुरण मिळाले आणि एक उकिरडा. कोणाच्या वाट्याला काय आले हे सांगायला नको.

म्हणून ज्यांना मुलाबाळांसह दोन-तीन तास झाडांत घालवायचे आहेत, त्यांनी थोडे पुढे जावे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मोठे, शंभर चौरस किलोमीटरहून अधिक, पण चेंबूरहून तेथे जाणे म्हणजे दिवसाचा कार्यक्रम. जवळची जागा दुसरी आहे आणि आपल्यातल्या फार थोड्या लोकांनी ती आतून पाहिली आहे. शीवहून वांद्र्याकडे जाणाऱ्या लिंक रोडवर, धारावी बस आगाराच्या समोर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान. लोक त्याला माहीम नेचर पार्क म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे ३७ एकर. धारावीला माल पोहोचविणाऱ्या आमच्या कित्येक बंधूंचा टेम्पो आठवड्यातून दोनदा या फाटकासमोरून जातो, परंतु आत वळत नाही.

आत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की ही ‘बाग’ नव्हे. झोपाळे, घसरगुंड्या, रंगीत कारंजे, कापून-छाटून चौकोनी केलेली झुडपे यातले मुख्य काही नाही. हे रान आहे. मातीच्या पायवाटा, दोन्ही बाजूंनी वर जाऊन एकमेकांत मिसळलेली झाडे, खाली पडलेल्या पानांचा थर. करंज, उंबर, बहावा, जांभूळ अशी आपल्याकडचीच झाडे. शंभराहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत आणि फुलपाखरांसाठी तर शाळेच्या सहली मुद्दाम येतात. मागच्या बाजूला मिठी नदी आणि तिच्या कडेची खारफुटी. पावसाचे पाणी साठविण्यासाठी मोठे तळे केले आहे व त्याच पाण्यावर उन्हाळा काढला जातो. रस्त्यावर ट्रकांचे कर्णे चालू असतात. शंभर पावले आत गेले की तो आवाज पातळ होत जातो आणि तांबट पक्ष्याची टुक-टुक ऐकू येते. धारावीतील एक रेडिमेडवाले गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणाले, “शेठ, पंचवीस वर्षे समोर मशीन चालवतोय, कोकीळ कुठून ओरडते ते आत गेल्यावर कळलं.”

हे रान उभे आहे कचऱ्यावर. हे मी अलंकारिक अर्थाने सांगत नाही. १९७७ पर्यंत या ठिकाणी मुंबईचा कचरा टाकला जात असे. ढीग भरला, गाड्या येणे बंद झाले आणि जागा तशीच दुर्गंधीत पडून राहिली. अशा जागेचे मुंबईत पुढे काय होते हे आपण सर्व जाणतो. येथे मात्र वेगळे घडले. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातील कार्यकर्त्यांनी कल्पना मांडली की येथे इमारत नको, जंगल करू या. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलली. कचऱ्यावर माती आणून पसरली. १९८३ मध्ये झाडे लावण्यास आरंभ झाला. तेव्हा रोप लावण्यासाठी आलेले प्रमुख गृहस्थ होते पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. वय ८६-८७. लोकांसाठी उद्यान उघडले ते १९९४ मध्ये. सालिम अली १९८७ मध्येच वारले होते, त्यांना ही सावली पाहावयास मिळाली नाही.

सालिम अलींविषयी व्यापार पानावर दोन ओळी अधिक लिहिल्या तर वाचक हरकत घेणार नाहीत असे वाटते, कारण हा माणूस मुळात व्यापाऱ्याच्याच घराण्यातला. १८९६ मध्ये मुंबईत जन्म, सुलेमानी बोहरा कुटुंब, लहानपणीच आईवडील गेले आणि मामा अमीरुद्दीन तैयबजी यांनी वाढविले. कॉलेजात मन रमेना म्हणून घरच्यांनी त्यांना ब्रह्मदेशात तव्हॉय येथे पाठविले. तेथे कुटुंबाचा वोल्फ्रॅमच्या, म्हणजे टंगस्टनच्या, खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. माल मोजायचा सोडून हे चिरंजीव जंगलात पक्षी पाहत हिंडले. परत आल्यावर त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिसी शिकण्यासाठी नाव घातले, आणि जोडीला सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. हिशेबनीस झाले असते तर आणखी एक पेढी उभी राहिली असती, दोन पिढ्या चालली असती आणि तिसऱ्या पिढीत भावाभावांत वाटणी झाली असती. त्याऐवजी १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि ते आजही विकले जाते. आपल्या समाजातील मुलगा दुकानात न रमता दुसरीकडेच लक्ष देतो म्हणून कपाळावर हात मारणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. ऐकतात किती, हा भाग वेगळा.

असो. आता हिशेबाकडे वळू.

या उद्यानाच्या मिठीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल आहे. तेथे २०१९ मध्ये प्राधिकरणाच्या लिलावात जपानच्या सुमितोमो कंपनीच्या उपकंपनीने १२,४८६ चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे तीन एकरांच्या भूखंडासाठी २,२३८ कोटी रुपयांची बोली दिली. एकरी सव्वासातशे कोटी झाले. तोही मालकीने नव्हे, भाडेपट्ट्याने. हाच दर डोळे मिटून नदीच्या अलीकडच्या ३७ एकरांना लावला तर सव्वीस-सत्तावीस हजार कोटींचा आकडा येतो. अर्थात हा दर येथे लागू होत नाही. जमीन कचऱ्याची, शेजारी खारफुटी, किनारपट्टीचे नियम, शिवाय ती संरक्षित वन म्हणून नोंदलेली. पण बाजार असे आकडे मांडतोच आणि आकडा एकदा मांडला गेला की झाडांकडे बघण्याची नजर बदलते. ताका गोदामात पडून आहे म्हणजे भांडवल अडकले, असे आपण म्हणतो. जमिनीच्या व्यापाऱ्यालाही उभे झाड तसेच दिसते.

ही भीती हवेतली नाही. धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली तेव्हा हे उद्यान त्यात ओढले जाईल काय, असा प्रश्न उभा राहिला आणि पर्यावरणाचे काम करणारे लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये प्रकल्पाच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आले की उद्यान प्रकल्पातून वगळलेले आहे. हे उत्तर कागदावर आले ही चांगली गोष्ट झाली. व्यापारात तोंडी सौद्याला इज्जत असते, सरकारी कामात कागदालाच असते.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठी नदी आपले जुने पात्र शोधीत कुर्ला, कलिना, वांद्रे येथल्या घरांत व गोदामांत शिरली. कापडाच्या व्यापाऱ्याला पाण्याचे भय आगीइतकेच. आगीचा विमा सर्व काढतात. पाण्याचा किती जणांनी काढला होता, हे त्या वर्षी अनेकांना कळले. भिजलेला ताका वाळविला तरी त्याला डाग पडतो, वास राहतो, आणि मग तो वजनावर चिंधीच्या भावाने जातो. मिठी समुद्राला मिळते ती माहीमला. तिच्या तोंडाजवळ पाणी शोषणारी माती आणि लाट अडविणारी खारफुटी असणे याला आपल्या वहीत ‘सुशोभीकरण’ या खात्यावर टाकू नये. तो विम्याचा हप्ता आहे, आणि तो आपल्या खिशातून जात नाही एवढेच. आजूबाजूची सारी जमीन काँक्रीटखाली गेली असताना ३७ एकर सगळा पूर थोपवतील असे मी म्हणत नाही. पण तेवढेही नसते तर काय, याचा विचार गोदाम भाड्याने घेताना तरी करावा.

कापड धंद्यातल्या माणसाला येथे आणखी एक गोष्ट खुपते आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. मुंबईत उद्याने करण्यासाठी जमीन कोठून आणणार, असे विचारणाऱ्यांना उत्तर आपल्याच धंद्याने दिले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या कधी चालल्या नाहीत. मागे राहिली जमीन. गिरणगावात सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा साधारण एक हिस्सा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी, एक हिस्सा मालकाला. खातेवाटप कोणालाही समजेल असे सरळ होते. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सबंध जमिनीची नव्हे, जी जमीन आधीच मोकळी आहे तेवढीचीच करायची. जिथे शेड उभी तिथली जागा वाटणीतून बाहेर. गिरण्या बहुतेक शेडांनीच भरलेल्या, तेव्हा वाटायला उरले काय? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही दुरुस्ती मान्य केली नाही, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. एका स्वल्पविरामाच्या अंतरावर शहराच्या बागा गेल्या. ज्या खात्यांत कापड विणले जायचे तेथे आज मॉल आहेत आणि त्या मॉलमध्ये बाहेरच्या देशांत शिवलेले कपडे टांगलेले असतात. त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही, गिऱ्हाईक तिकडे जाते. पण त्या सहाशे एकरांतून माहीमसारखी चार-पाच राने सहज निघाली असती, हा हिशेब कोणी खोडून दाखवावा.

पूर्वीचे कापूस-कापडवाले असे नव्हते काय? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दिवसांत, १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग उघडली. तिच्या शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी, आज ज्याला भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, शहरातील शेठ-सावकारांनी वर्गणी दिली. जगन्नाथ शंकरशेठ आणि डेव्हिड ससून ही त्यांतली ठळक नावे. ते काही संत नव्हते. ससून घराण्याची कमाई अफूचीही होती. तरी कमाईचा एक तुकडा असा बाजूला निघाला की दीडशे वर्षांनंतर लालबागच्या हमालाची मुले तेथे पेंग्विन बघायला जातात.

आता चेंबूरकडे परत येतो, कारण या लेखाचा खरा सौदा तेथे आहे. माहीमची जागा १९७७ मध्ये कचऱ्याची होती आणि १९९४ मध्ये जंगल. सतरा वर्षे. देवनार १९२७ पासून कचरा घेत आली आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली, गोवंडी-चेंबूरवर धुराचे छत आले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत एम-पूर्व, म्हणजे गोवंडी-देवनार-मानखुर्दचा विभाग, अगदी तळाला होता. तेथे राहणाऱ्यांत आपले कारागीर, जरीवाले, शिलाईवाले, भंगारवाले किती आहेत हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कारागिराच्या छातीत धूर गेला की नग कमी पडतो, दिवाळी-ईदेची ऑर्डर लांबते. हे दुःख तर आहेच, पण ज्याला केवळ धंदा समजतो त्यालाही यात तोटा दिसला पाहिजे.

कचराभूमी बंद करून हिरवी करणे अशक्य आहे काय? गोराईची कचराभूमी २००७ मध्ये बंद झाली. कचरा झाकून त्यावर हिरवा उतार तयार केला गेला. आतला मिथेन वायू हवेत जाऊ न देता पकडून त्याचे कार्बन क्रेडिट विकण्यात आले व त्यापोटी महापालिकेला पैसेही मिळाले. घाणीच्या ढिगातून पावती फाडली गेली, व्यापाऱ्याने मान डोलवावी असे हे काम. देवनार त्याच्या कितीतरी पट मोठी आहे. २०२५ मध्ये महापालिकेने तेथील सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसून, चाळून जमीन मोकळी करण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांच्या अंदाजाची निविदा काढली. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनारची सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी देण्याचे ठरविले होते. म्हणजे धारावीसमोरचे जंगल वाचले आणि धारावीतल्या काही लोकांचे घर चेंबूरशेजारच्या कचऱ्यावर, असा हा नकाशा आहे. सफाईचा खर्च जनतेच्या करातून, आणि मोकळी झालेली जमीन कोणाला किती, हा प्रश्न आपल्या भागातील व्यापारी संघटनांनी, नगरसेवकांनी, मोहल्ला कमिट्यांनी आताच विचारावा. उपसलेल्या जमिनीवर घरे होणारच, लोकांना घरे लागतात. पण १२४ एकर गेल्यावर जी उरते तिच्यात माहीमएवढे ३७ एकर झाडांसाठी राखले आहेत असे विकास आराखड्यात लिहून घेता येईल की नाही? सौदा पक्का होण्याआधी बोलायचे असते. माल उतरल्यावर भाव करणारा व्यापारी मी तरी पाहिला नाही.

भंगाराच्या धंद्यातील बंधूंची काळजीही ध्यानात घ्यावी. देवनारवर प्लास्टिक, पत्रा, चिंध्या वेचून हजारो घरांची चूल पेटते. कचरा बंद म्हणजे रोजी बंद, असे त्यांना वाटते आणि ते चूक नाही. यंत्राने कचरा चाळण्याचे काम निघाले की त्यात माणसे लागतातच. ती बाहेरून आणण्याऐवजी येथलीच घ्यावीत, ही अट निविदेच्या कामात घालून घेण्यासाठी कोणी तरी अर्ज घेऊन दारात उभे राहिले पाहिजे. धारावीत कातरणीतून उरलेली चिंधीसुद्धा रंगानुसार वेगळी करून विकणारे लोक आहेत. ढिगातून किंमत काढण्याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणत्याही कंत्राटदाराला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. चेंबूरहून बसने किंवा हार्बरने कुर्ला गाठून गाडी बदलून शीवला उतरावे, तेथून वांद्र्याच्या दिशेची बस धारावी आगाराजवळ सोडते. शीव स्टेशनाजवळचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या बांधणीसाठी बंद झाल्यापासून वाहनांचे मार्ग बदलले, तेव्हा स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी आधी रस्ता विचारून घ्यावा. प्रवेशाचे तिकीट आहे, पण एका प्लेट पावभाजीपेक्षा नक्कीच हलके. सकाळी लवकर जावे, पक्षी तेव्हाच बोलतात, आणि हे उद्यान संध्याकाळच्या हवाखोरीसाठी नाही. पावसाळ्यात पायवाटा निसरड्या, डास भरपूर, बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. भडक रंगापेक्षा खाकी, बदामी, शेवाळी रंग बरे. वेफर्सच्या पुड्या आत नेऊ नयेत. कचऱ्याला तेथून हलवायला शहराला पुष्कळ वर्षे लागली आहेत. आत रोपवाटिका आहे. रोपे मिळत असली तर दुकानाच्या ओट्यासाठी एखादे घेऊन यावे. मात्र उंबर किंवा वड घेऊ नये, गाळ्याच्या भिंतीत मुळे शिरली तर घरमालकाला नोटीस पाठवायला निमित्तच मिळते.